अपग्रेडनंतरच्या तीन फेऱ्या : शहापूर, जांबोटी रस्ता, निपाणी

फोनवर वाचनालयाच्या ताई म्हणाल्या, "तू दिवाळीत ते नवीन घालून गेलीस नव्हं, तेव्हापासनं स्कॅनर बिघडलाय बघ." निपाणीहून मामांचा फोन आला, "अक्षरं फुटालीत गं." बेळगावातल्या शहापूरच्या आत्याचं म्हणणं त्याहून थोडक्यात, "होईनाच ते."

तिन्ही तक्रारी डेबियन या लिनक्स सिस्टिमच्या १२ वरून १३ वर जाण्याच्या. १३ ची आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ ला आली. दोन महिने मी ती माझ्या लॅपटॉपवर चालवून बघितली आणि दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांची, ओळखीच्यांची मशीन हातात घेतली. तक्रारी आल्यावर आठवडाभर फोनवरूनच निस्तरायचा प्रयत्न केला. "काय दिसतंय?" विचारलं की "काहीच नाही" असं उत्तर यायचं, आणि त्यात बोलणाऱ्याची काही चूक नव्हती. शेवटी डिसेंबरमध्ये तीन सुट्ट्या काढून तिन्ही ठिकाणी जाऊन बसले. आपल्या पट्ट्यात कुणाच्या दुकानात, कुणाच्या वाचनालयात लिनक्स चालतं ठेवणारे आणखीही असतील. त्यांना पुढच्या फेरीला उपयोगी पडावं म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

शहापूरची फेरी अर्ध्या दिवसात आटोपली. आत्याच्या घरी मागच्या खोलीत माग आहेत आणि साड्यांचा हिशेब एका जुन्या कॉम्प्युटरवर असतो. त्यावर डेबियन होतं ते ३२ बिटांचं. डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या पीसीसाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल (सिस्टिमचा गाभा), तेव्हा तिथून अपग्रेडची वाटच नाही. पण एवढ्यावर मशीन भंगारात काढू नका. टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' चालवा आणि पहिल्या दोन-तीन ओळी वाचा. तिथे ३२ आणि ६४ असे दोन्ही आकडे दिसले तर प्रोसेसर ६४ बिटांचा आहे, कुणीतरी कधीकाळी त्यावर ३२ बिटांची सिस्टिम घातलेली आहे एवढंच. आत्याचंही तसंच होतं. होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर काढून घेतला, ६४ बिटांचं डेबियन १३ नव्यानं घातलं, फाइली परत ठेवल्या. ही तपासणी मी दिवाळीतच करायला हवी होती.

खरं काम होतं जांबोटी रस्त्याला.

बेळगावहून पिरनवाडी, किणये करत हा रस्ता जांबोटी, कणकुंबीकडून चोर्ला घाटात जातो. जांबोटीच्या अलीकडे एका गावात छोटं वाचनालय आहे. गाड्या मोजक्या आहेत, तेव्हा परतीची वेळ कंडक्टरला उतरतानाच विचारून घ्या. बायकांना कर्नाटकाच्या साध्या गाडीत शक्ती योजनेत शून्य रुपयांचं तिकीट मिळतं, त्यासाठी कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ ठेवायचं. गर्दी असते, म्हणून लॅपटॉपची बॅग पाठीवर न घेता पोटाशी धरा. पावसाळ्यात मात्र हे काम काढू नये. या भागात पाऊस दिवसचे दिवस धरून राहतो आणि अपग्रेडच्या मध्येच वीज गेली तर जीव टांगणीला लागतो. मध्ये वीज गेलीच तर घाबरून सगळं पुसून टाकू नका. मशीन सुरू झालं की पॅकेजं (प्रोग्रामचे संच) बसवणाऱ्या 'डीपीकेजी'ला अर्धवट राहिलेली पुरी करायला सांगायचं ('कॉन्फिगर' आणि 'ए' हे दोन पर्याय देऊन) आणि मग ती उतरवून आणणाऱ्या 'एपीटी'चं फुल-अपग्रेड पुन्हा चालवायचं. बहुतेक वेळा गाडी तिथून पुढे जाते.

गावाच्या भजनी मंडळाच्या जुन्या वह्या ताई स्कॅन करताहेत. शाईनं उतरवलेले अभंग, समासात चाल कुठली ते लिहिलेलं, पानं पिवळी पडून कडेनं सुटायला लागलेली. उघडी वही एकदा काचेवर ठेवली की ए-फोर मापाचं एक चित्र होतं. दिवाळीपर्यंत एका बैठकीत शंभर-शंभर पानं होत. आता मध्येच स्कॅनिंगचं ऍप बंद व्हायचं आणि त्या बैठकीची सगळी पानं जायची. ताईंनी दोनदा केबल बदलून बघितली होती.

मी म्हटलं, "ताई, तुम्ही रोजच्यासारखं करा, मी नुसती बसते." त्यांनी पान उलटायचं, काच पुसायची, बटण दाबायचं, मी वहीत एकेक रेघ मारायची. पहिल्यांदा ऍप पडलं ते एकाहत्तराव्या पानाला. चहा झाला. दुसऱ्यांदा सत्तराव्या पानाला. स्कॅनर बिघडला असता किंवा केबल सैल असती तर ते कधी दहाव्याला, कधी साठाव्याला पडलं असतं. दोन्ही वेळा सत्तरीलाच पडलं, म्हणजे कुठेतरी काहीतरी भरत होतं.

तिथून उलगडायला वेळ लागला नाही. ए-फोरचं रंगीत पान ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) घेतलं की ते २,४८० गुणिले ३,५०८ ठिपक्यांचं होतं. एका ठिपक्याला तीन बाइट धरले तर न दाबलेलं पान साधारण २६ एमबीचं. सत्तर पानं म्हणजे १,८०० एमबीच्या वर. मशीनची मेमरी चार जीबी. डेबियन १२ पर्यंत टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर, हार्डडिस्कवर असायचा. १३ पासून तो मेमरीतच असतो आणि ठरलेली कमाल मर्यादा मेमरीच्या निम्मी. स्कॅनिंगचं ऍप पानं आधी त्याच फोल्डरात जमवून शेवटी एकत्र पीडीएफ करतं. तिसऱ्या बैठकीला दुसऱ्या खिडकीत कुठे किती जागा भरली ते दाखवणारं 'डीएफ' चालू ठेवलं, तर टेम्पच्या ओळीतला आकडा पानागणिक चढत शंभर टक्क्यांना भिडला आणि ऍप मिटलं. ताईंनी तो आकडा चढताना स्वतः बघितला. त्यानंतर स्कॅनरवरचा त्यांचा राग गेला.

टेम्प मेमरीत नेणं हा बिघाड नाही. तो ठरवून केलेला बदल आहे आणि आवृत्तीसोबतच्या सूचनांत तो नीट लिहिलेला आहे. त्या सूचना मी वाचल्या होत्या, पण दोन जीबीत किती पानं मावतील हा हिशेब माझ्या डोक्यात आला नाही. परत जुन्यासारखं करायचं तर रूट (मशीनचा सगळे अधिकार असलेला युजर) होऊन 'सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी डॉट माउंट' एवढी एक ओळ द्यायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. टेम्प डिस्कवर येतो. कमी मेमरीच्या मशीनवर स्कॅनिंग, व्हिडिओ किंवा मोठ्या छपाईचं काम असेल तर हे अपग्रेडच्या दिवशीच करून टाका.

मग बग कुठला? जागा संपल्यावर ऍपनं काहीही न सांगता मिटून जावं आणि सत्तर पानं घेऊन जावं, हा बग. तो नोंदवायलाच हवा होता. नाहीतर आणखी कुणी आणखी कुठे केबल बदलत बसलं असतं.

डेबियनमध्ये त्यासाठी 'रिपोर्टबग' नावाचं साधन आहे. ते पॅकेजचं नाव विचारतं, आवृत्ती स्वतः उचलतं आणि आधी कुणी हीच तक्रार केलीय का ते दाखवतं. ती यादी शांतपणे वाचा. आपलीच तक्रार सापडली तर नवीन न काढता तिच्यातच आपली माहिती घाला. गावात सिग्नल येत-जात होता, म्हणून मी रिपोर्ट फाइलीत साठवला आणि रात्री टिळकवाडीत घरी येऊन पाठवला. डेबियनची बग नोंदणी ईमेलवर चालते, त्यामुळे हे जमतं. एक गोष्ट मात्र आधी लक्षात घ्या: तुमचा मजकूर आणि ईमेल पत्ता दोन्ही जगाला दिसतात आणि कायमचे राहतात. त्यासाठी वेगळा पत्ता काढा, आणि लॉगची फाइल जोडण्याआधी त्यात कुणाचं नाव किंवा फोल्डरची खासगी नावं नाहीत ना ते बघा.

मजकुरात मी चारच गोष्टी लिहिल्या. मशीनची मेमरी आणि टेम्पची मर्यादा. पायऱ्या: रंगीत, ३०० डीपीआय, ए-फोर, सत्तर पानं, मध्ये सेव्ह न करता. काय व्हायला हवं होतं: जागा संपली असा संदेश यावा आणि झालेली पानं राहावीत. काय झालं: ऍप मिटलं, पानं गेली. इंग्रजी साधं, छोट्या वाक्यांचं. "अपग्रेडनंतर सगळं बिघडलंय" असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला हात घालायला जागाच राहिली नसती. गांभीर्य विचारतात तिथे 'इम्पॉर्टंट' निवडलं. थोड्याच वेळात बगचा क्रमांक ईमेलनं आला, तो ताईंनी वाचनालयाच्या नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवलाय.

निपाणीला जाताना यमकनमर्डी, संकेश्वर असा हायवे आहे. बेळगावहून दीड-दोन तास धरा. डिसेंबरात उसाचा हंगाम, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, म्हणून अंधार पडायच्या आत परत फिरा. कर्नाटकाची गाडी असेल तर शून्य तिकीट चालतं, महाराष्ट्राच्या एसटीत पैसे द्यावे लागतात.

मामांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका मराठीत आणि कन्नडमध्ये, कधी एकाच कार्डावर दोन्ही. कन्नड बाजू व्यवस्थित होती. मराठीत "वऱ्हाडी मंडळी" या शब्दांत र वेगळा उभा, त्याच्या पायाशी हलन्त लोंबकळलेला आणि ह बाजूला पडलेला. मामा म्हणाले, "पत्रिका घेऊन पोरीचा बाप आला, म्हणाला हे काय छापलंय."

हा र मराठीचा जीव आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्याला वाढलं आणि आचाऱ्याला वाढलं यात माणूसच बदलतो. युनिकोडमध्ये तो लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एक, नुक्त्याचा ऱ (यू+०९३१) आणि हलन्त. इनस्क्रिप्ट या कीबोर्डाच्या मांडणीवर शिफ्ट धरून जे, मग डी. दुसरी जुनी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात. मामांच्या पडद्यावर दुसरी रीत नीट दिसत होती, पहिली फुटत होती.

अशा वेळी सगळ्यात आधी मशीनवर एक नवा युजर तयार करा आणि तीच फाइल तिथे उघडा. पाच मिनिटांचं काम, पण दोष सिस्टिमचा की आपल्या फोल्डरातल्या जुन्या सामानाचा ते लगेच कळतं. नव्या युजरमध्ये "वऱ्हाडी" व्यवस्थित दिसलं. मग मामांच्या युजरमध्ये 'एफसी-मॅच'ला मराठी भाषेसाठी कुठला फॉन्ट वापरतोस ते विचारलं, तर कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेल्या एका फॉन्टचं नाव आलं. अपग्रेडनंतर "आता गरज नसलेली" पॅकेजं मी एका झटक्यात काढली होती, त्यात पत्रिकांचा नेहमीचा फॉन्टही गेला, आणि त्याच्या जागी हा जुना येऊन बसला. नेहमीचा फॉन्ट परत घातला, जुनी फाइल बाजूला काढली, फॉन्टची साठवण नव्यानं बांधली. हा बग नव्हता, म्हणून नोंदवला नाही. डीटीपीच्या मशीनवर नको असलेली पॅकेजं काढण्याआधी यादीत फॉन्ट आहेत का ते नजरेखालून घाला आणि हवे ते 'मॅन्युअल' म्हणून खूण करून ठेवा.

तिथे कामाला असलेला मुलगा कन्नड आणि मराठी दोन्ही कगप कीबोर्डावर टाइप करतो. कगप म्हणजे कन्नड गणक परिषत्तेची उच्चारानुसार मांडणी. लिनक्समध्ये ती मराठीसाठीही आहे. त्याची तक्रार होती की इनस्क्रिप्ट जोडलं तरी लागत नाही. लिनक्सवर पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या एक्समध्ये एका वेळी चारच मांडण्या चालतात आणि त्याच्याकडे इंग्रजी, कन्नड, मराठी, हिंदी अशा चार भरलेल्या होत्या. हिंदी काढली, काम झालं.

मराठीचा एखादा खरा बग सापडलाच तर रिपोर्टात नुसता शब्द देऊ नका. वाचणाऱ्याला देवनागरी येत नसणार असं धरून चाला. प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक, दाबलेल्या कळा, फॉन्टचं नाव, आणि चुकीचं व बरोबर अशी दोन चित्रं शेजारी-शेजारी जोडा. "वऱ्हाडी" फुटलंय हे आपल्यालाच दिसतं, म्हणून ते सांगायचं कामही आपलंच आहे.

बरोबर नेण्याच्या वस्तूंत मला सर्वात उपयोगी पडली ती डाउनलोड केलेली पॅकेजं. माझ्या लॅपटॉपच्या 'एपीटी'च्या साठ्यातून ती पेनड्राइव्हवर घेतली होती. समोरच्या मशीनच्या साठ्यात टाकली की तीच पुन्हा उतरवावी लागत नाहीत. फोनच्या इंटरनेटवर दीड जीबी उतरवत बसण्यापेक्षा हे बरं. शिवाय यूएसबी कीबोर्ड, फोनची चांगली केबल आणि डेबियन १३ चा लाइव्ह पेनड्राइव्ह. अपग्रेड सुरू करण्याआधी 'स्क्रिप्ट' आज्ञेनं पडद्यावरचं सगळं फाइलीत उतरवायला लावा, नंतर "तेव्हा काय आलं होतं?" हे कुणालाच आठवत नाही.

परवा ताईंचा फोन आला. "एकशे चाळीस पानं झाली, एकदापण बंद पडलं नाही. तुकोबांची वही संपली, आता गौळणींची घेतलीय." रिपोर्टला उत्तर आलंय, ऍप कुठल्या ओळीवर मिटतं ते हवंय. त्यासाठी टेम्प फोल्डर पुन्हा एकदा मेमरीत नेऊन सत्तर पानं घ्यावी लागतील. संक्रांतीनंतरच्या रविवारी जाईन, या वेळी कोऱ्या कागदांचा गठ्ठा बरोबर घेऊन, म्हणजे वहीच्या पानांना उगाच हात लागायला नको.