आठ कुठे गेला?

दुपारी ड्रॉवर आवरताना जुना बारा आकडी कॅल्क्युलेटर सापडला. सेल बदलला तर चक्क चालू. अशा वेळी कुणी हिशेब करत नाही, बोट आपोआप एकावरच जातं. ११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. सहा वेळा एक दाबला की १२३४५६५४३२१. सातव्या एकाला कोपऱ्यात ‘ई’ आणि सगळं ठप्प.

हा ‘ई’ माझा लहानपणीचा वैरी. नाशिकरोडला काकांचं स्टेशनरीचं दुकान होतं. मे महिन्यात दुपारी गिऱ्हाईक फिरकायचं नाही. शटर अर्धं ओढून काका गल्ल्यामागे पेंगायचे. कॅल्क्युलेटर पुढचं सांगत नाही म्हटल्यावर मी बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर नऊ एकांचा वर्ग मांडला. नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. कागद पुरेना, म्हणून दुसरा जोडला. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. अगदी पांडवलेणीचा डोंगर, माथ्यावर नऊ!

काकांनी एक डोळा उघडला. “हे आपल्या कापरेकर मास्तरांचं. बेरीज कर आकड्यांची आणि भाग दे.”

मास्तर म्हणजे ६१७४ हा स्थिरांक शोधणारे गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवत होते. या डोंगरांना त्यांनी एका रेल्वे स्टेशनवरून डेम्लो संख्या म्हटलं, आणि आकड्यांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद. आमच्या डोंगराची बेरीज ८१. भाग गेला! १५२४१५७८९९७१०४१. ही रटाळ दिसणारी संख्या म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

१२३४५६७९ पुन्हा वाचा. आठ नाही. याच संख्येला नवाने गुणा, नऊच्या नऊ एक परत येतात. सगळ्यांना बोलावलं आणि आठलाच वगळलं, याचा मला तेव्हापासून राग आहे. काकूला सांगितलं तर म्हणाली, “आधी तो पसारा उचल, चहा सांडेल.”

दहा एक घेतले तर डोंगराचा माथाच ढासळतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. बघा, चढावर पुन्हा आठ गायब. कारण साधं आहे. माथ्यावर दहा झाले, शून्य मांडून हातचा एक शेजारच्या नवाला दिला. त्याचेही दहा झाले, म्हणून त्याचा हातचा आठला. आठचा झाला नऊ. म्हणजे हाकललं नाही, बढती दिली. उतारावरचा आठ मात्र जागच्या जागी बसलेला, त्याला कुणी विचारलं नाही.

तरी अकरा एक घेऊन पाहिले. १२३४५६७९०१२०९८७६५४३२१.

नाहीच.