मॅपवर रस्ता होता
दोन गाड्या घेऊन आडवाटेच्या सहलीला गेलो होतो. सुरुवातीचे दिवस धूळ खाण्यात, तंबू लावण्यात आणि तंबू काढण्यात गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते कोरड्या नदीच्या पात्रातल्या एका दुपारबद्दल, कारण त्या दुपारचा राग अजून उतरलेला नाहीये.

गाडी दादा चालवत होता, शेजारी मी टॅब सांभाळत, वहिनी मागे सामानात दबलेली, आणि आमच्या मागून दादाच्या मित्राची गाडी. त्याच्याकडे मॅप बघायला फोन होता आणि वॉकीटॉकीवर द्यायला अखंड सल्ले होते. टॅब कशाला एवढा मोठा, फोनवर पण तेच दिसतं, हे त्याने निघायच्या आधीपासून किती वेळा ऐकवलं असेल. तेच दिसत नाही हो! फोनवर आपला बाण दिसतो आणि त्याच्या पुढची दोन वळणं. टॅबवर अख्खी दरी दिसते, कुठला ओढा कुठून येऊन मिळतो ते दिसतं, कंटूरच्या, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या, रेषा जिथे एकमेकींना चिकटल्यात तिथे चढ अंगावर येणार हे आधीच कळतं आणि दादाला वेळेत सांगता येतं की आत्ताच फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाक, मधेच टाकत बसू नकोस.

दादाचा स्वतःचा आयपॅड होता पण तो फक्त वायफायवाला, म्हणजे त्यात जीपीएसची चिपच नाही, मॅप उघडतो पण आपण कुठे आहोत ते त्याला कळत नाही. ही चिप सिमवाल्या मॉडेलमध्ये असते, आणि सिम टाकलं नाही तरी ती चालते. त्यामुळे माझा सिमवाला टॅब लावला. बऱ्याच जणांना वाटतं रेंज गेली की जीपीएस गेलं. उपग्रह 20,200 किलोमीटर वरून सिग्नल पाठवत असतात, आपण फक्त ऐकायचं, त्यात मोबाईल टॉवरचा काही संबंध नाही. जातो तो मॅप, तो आधीच डाउनलोड करून ठेवलेला असला की झालं.

बाकी टॅबचे नखरे म्हणाल तर भरपूर. गाडी एका बाजूला कलली की स्क्रीन आडवी, सरळ झाली की उभी, म्हणून रोटेशन लॉक सगळ्यात आधी. पोलराइज्ड गॉगल घालून बघितलं तर एका कोनात स्क्रीन पार काळी दिसते. आणि गाडीच्या जुन्या यूएसबीमधून 1 अँपिअर, म्हणजे जेमतेम 5 वॉट मिळतात, तेवढ्यात फुल ब्राइटनेसवरचा टॅब चार्जिंगला लावलेला असूनही उतरतच जातो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये दमदार चार्जर बसवल्यावर ते थांबलं.

तर ती दुपार. पात्र अरुंद होत गेलं, दोन्ही बाजूंनी उंच कडे, आणि आमचा बाण उड्या मारायला लागला, एकदा तर सरळ कड्याच्या पलीकडे जाऊन बसला. मोकळ्या आकाशाखाली साधारण 5 मीटरचा फरक पडतो, पण कडे असले की सिग्नल त्यांच्यावर आपटून उशिरा येतो आणि टॅब बिचारा तेच अंतर खरं धरतो. वर ऊन थेट डॅशबोर्डवर. आयपॅडसाठी ॲपल 35 अंशांपर्यंतची हवा सांगतं, माझा टॅब दुसऱ्या कंपनीचा असला तरी काचेमागच्या भट्टीत तोही तापून गपगार झाला. वहिनीने पुढे वाकून तो माउंटवरून ओढला आणि एसीच्या झोताला धरला, ओलं फडकं वगैरे नाही, नुसती हवा, आणि चार्जिंग काढलं.

तेवढ्यात समोर दोन फाटे. वॉकीटॉकीवरून लगेच, "डावीकडे घे, मॅपवर रस्ता आहे."

दादा म्हणाला, "थांब रे, टॅब चालू होऊ दे."

"अरे माझ्या फोनवर दिसतोय ना स्पष्ट, चल की!"

दादा मला म्हणाला, "तू बस, मी बघून येतो," आणि उतरून चालत निघाला. मागची गाडी हॉर्न देतेय. खरंच हॉर्न देतेय, जिथे चिटपाखरू नाही तिथे! मीही उतरले आणि दादाच्या मागे गेले. वळण घेतलं तर रस्ता संपलेला. पाण्याने काठ कापून नेलेला, माझ्या उंचीएवढा सरळ कट, खाली गोटे, आणि पलीकडे चाकोऱ्या पुन्हा सुरू. कड वरून अगदी भक्कम दिसत होती, दादाने पायाने माती ढकलली तर ढेकूळच्या ढेकूळ खाली गेलं. गाडीत बसून हे दिसलंच नसतं, बॉनेटच्या आड जातं सगळं.

आम्ही परत आलो तर मित्र काय म्हणाला असेल? "पण मॅपवर आहे रस्ता." मला त्याचाच राग आहे. चुकीचा मॅप समजू शकते, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या नकाशावरच्या कितीतरी वाटा कुणीतरी घरी बसून उपग्रहाच्या फोटोवरून काढलेल्या असतात, फोटोनंतर नदीला पूर आला तर त्या माणसाने काय करायचं? पण दोन माणसं आत्ता डोळ्यांनी बघून आली आहेत आणि तू त्यांना स्क्रीन दाखवतोस?

उजवा फाटा मोठमोठ्या गोट्यांमध्ये अडकून पडला. म्हणजे आल्या वाटेने मागे, आणि तोवर अंधार. इथे टॅबने जे काम केलं त्यासाठी मी त्याचे सगळे नखरे माफ करते. सकाळपासून ट्रॅक रेकॉर्डिंग चालू होतं, तापून बंद पडला तेवढाच तुकडा गायब, बाकी आमचीच रेष स्क्रीनवर. या रेषेवरून आपली गाडी खरोखर गेलेली आहे, तिच्याबद्दल वाद घालता येत नाही. ब्राइटनेस तळाला, मॅप नाईट मोडवर, नाहीतर दादाला बाहेरचं दिसत नव्हतं, आणि मी फक्त "थोडं उजवीकडे, अजून, हां" एवढंच बोलत होते. कड्यांमध्ये बाण परत भरकटला तेव्हा वहिनीने खिडकीतून टॉर्च मारून दुपारच्या चाकोऱ्या शोधल्या. मागच्या गाडीतून सल्ला आला नाही. वॉकीटॉकीची बॅटरी संपली होती म्हणे.

नंतरचे दिवस छान गेले, पठार सुंदर होतं, गर्दी अजिबात नव्हती. जागेचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

घरी आल्यावर मित्राने जीपीएक्स फाइल, म्हणजे आमच्या त्या रेषेची फाइल, मागितली, ती दिली, कापलेल्या काठावर "इथे रस्ता नाही" असा पॉइंट टाकून. ओपनस्ट्रीटमॅप कुणालाही दुरुस्त करता येतो, तिथेही तो तुटलेला तुकडा मी काढून टाकला. त्याच्या फोनमधला डाउनलोड केलेला मॅप मात्र त्याने स्वतः अपडेट केल्याशिवाय बदलायचा नाही, आणि तो करेल असं मला काही वाटत नाही.