सोयाबीन तेलाची फळी

आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत साच्यातून पहिली फळी निघाली. आत केळीच्या सोपटाचे धागे, भोवती सोयाबीन तेलापासून केलेलं रेझिन, म्हणजे घट्ट होणारी चिकट राळ. बोटाने ठोकली तर सागवानासारखी खणखणीत! आनंद मावत नाहीये.

आपल्या माळव्यात घरोघरी कढईत पडणारं हे तेल नुसतं तापवून असं टणक होत नाही. कामाला येतात ते त्याच्या मेदाम्लांमधले दुहेरी बंध. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक आम्ल वापरून तिथे इपॉक्सी गट (ऑक्सिजन असलेली छोटी कडी) बसवायचे, मग ॲक्रिलिक आम्ल जोडायचं, तेव्हा कुठे रेणू एकमेकांत गुंफून जाळं तयार होतं. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात रिचर्ड वूल यांनी या वाटेवर मोठं काम केलं.

धागे मात्र आधी खडखडीत वाळवावे लागतात. धाग्यांमधलं सेल्युलोज ओलावा धरतं आणि रेझिन नीट चिकटत नाही. (इंदूरच्या पावसाळ्यात हे फार जिकिरीचं.) रेझिन पातळ करायला अजूनही स्टायरीन नावाचं द्रव रसायन लागतं, तेही पेट्रोलियमचंच. त्याला पर्याय शोधायलाच हवा.

बऱ्हाणपूरकडे घड उतरला की केळीचं खोड कापून टाकतात. त्याच्या धाग्याचे शेतकऱ्याला दोन पैसे मिळावेत, असं मनापासून वाटतं. उद्या फळी वाकवून तिची ताकद मोजणार आहोत.