हो गं, बंद आहे

"आई, गॅस बंद केलास ना?"
"हो गं."
"नक्की? माझ्याकडे बघून सांग."

एका रात्रीत अकरा वेळा. मोजले, कारण समुपदेशक मॅडमनी मोजायला सांगितलं होतं. लेक चौदाची, आठवीत. तिला ओसीडी आहे, म्हणजे एखादी शंका किंवा भीती मनाला चिकटून बसते आणि ती घालवायला तेच तेच पुन्हा करावंसं वाटतं. मला वाटायचं, दोन शब्दांनी पोरीला झोप लागत असेल तर काय बिघडलं? मॅडम म्हणाल्या, तुमचं 'हो' दहा मिनिटं टिकतं आणि अकराव्या मिनिटाला शंका दुप्पट भुकेली होऊन येते. म्हणजे वर्षभर तिला खाऊ घालत होते ती मीच. हे ऐकून मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

उपचाराचं नाव लांबलचक आहे, 'एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन'. भीती वाटते ते करायचं आणि मग ती घालवायला जे करतो ते करायचं नाही. 1966 मध्ये लंडनमधले मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी या वाटेची सुरुवात केली. लेकीने आजाराचं नाव 'चिकटू' ठेवलं आणि कामाला लागली. पोरांचं बरं असतं.

सासूबाईंचं तसं नव्हतं. वय एकाहत्तर. दुधाची पिशवी तीनदा धुणार, भाजीवाल्याने दिलेली नाणी साबणाच्या पाण्यात, न्हाणीघरात दोन-दोन तास. पण आमच्या घरात त्याला आजार कोण म्हणणार? चाळीस वर्षं सगळे 'सोवळं फार कडक' म्हणून कौतुकच करत आले. नातीसोबत गेल्या आणि मॅडमनी सहज विचारलं, "देवपूजा झाल्यावर समाधान वाटतं का हो?" त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "भीती वाटते."

त्यांना गोळ्याही सुरू झाल्या. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून बंद करायला निघाल्या होत्या. ओसीडीत गुण दिसायला दहा-बारा आठवडेही लागतात हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ऐकतंय कोण!

पहिला धडा म्हणजे दुधाची पिशवी न धुता फ्रीजमध्ये ठेवायची आणि हात धुवायचे नाहीत. शंभरपैकी भीती किती? "नव्वद." दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून, पदराला लागू न देता खुर्चीत बसल्या. मी समोर मेथी निवडत होते. मदत करायची नाही, धीर द्यायचा नाही, एवढंच माझं काम, आणि तेच जड गेलं. पाऊण तासाने म्हणाल्या, "साठ असेल. मेथी जून आणलीस."

काल रात्री लेकीने पुन्हा विचारलं. ठरल्याप्रमाणे मी म्हटलं, "हा प्रश्न चिकटूचा आहे, उत्तर देणार नाही." ती ओठ चावत उभी राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. आता वळणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला,

"बंद आहे गं बाळा, मी दोनदा बघून आलेय!"