आमची वाटचाल : कापसाच्या बोळ्यापासून रबरी बुचापर्यंत

कंपनी सुरू केली तेव्हा आमच्याकडे फ्लास्क हलवत ठेवणारा एक शेकर होता, एक जुना इन्क्युबेटर आणि एक पक्का समज : जिवाणूला अल्कोहोल सोसायला शिकवलं की इंधनाचं उत्पादन आपोआप वाढतं. समज खोटा निघाला. तो खोटा आहे हे कळायला तीन वर्षं गेली.

जिवाणूंकडून बनवून घेता येणारी ब्युटेनॉल आणि आयसोब्युटेनॉल ही अल्कोहोलं इंधन म्हणून इथेनॉलपेक्षा सरस. ब्युटेनॉलमध्ये लिटरमागे सुमारे २९ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१, पेट्रोलमध्ये ३२. पहिल्या महायुद्धात रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमन यांच्या क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूने अ‍ॅसिटोनसोबत ब्युटेनॉलही बनवलं होतंच. पण माध्यमात, म्हणजे जिवाणू ज्या द्रवात वाढतात त्यात, दीड-दोन टक्के ब्युटेनॉल साचलं की बनवणाराच गुदमरतो. हा रेणू पेशीपटलातल्या मेदात घुसतो, पटल सैल पडतं, प्रोटॉन आत झिरपतात आणि पेशीची सगळी कमाई ती गळती उपसण्यात जाते.

२००८ मध्ये अमेरिकेतले संशोधक जेम्स लियाओ यांच्या गटाने ई. कोलाय या जिवाणूकडून आयसोब्युटेनॉल बनवून घेतलं. पेशी अमिनो आम्लं बनवताना वाटेत तयार होणारी कीटो आम्लं मध्येच वळवून. तो शोधनिबंध वाचला आणि आम्ही या धंद्यात पडलो.

जिवाणूंना सोसायला शिकवायची पद्धत सोपी होती. रोज थोडं कल्चर, म्हणजे वाढलेले जिवाणू, नव्या माध्यमात घालायचं आणि दर काही दिवसांनी आयसोब्युटेनॉल वाढवत न्यायचं. सातव्या आठवड्यात जिवाणू असे माजले की आम्ही पेढेच वाटायचे बाकी होतो. मग आमच्या भागीदार बाईंनी फ्लास्कला नाक लावलं. वासच नाही! कापसाच्या बोळ्यातून रात्रभरात बरंचसं अल्कोहोल उडून जात होतं. जिवाणू काही शिकले नव्हते, विषच पळून गेलं होतं.

रबरी बुचाच्या हवाबंद बाटल्या आणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी सहनशक्ती खरी होती. पण उत्पादन तेवढंच, काही स्ट्रेनमध्ये, म्हणजे जिवाणूच्या वाणांमध्ये, तर कमीच. आता वाटतं, यात नवल ते काय? आम्ही परीक्षा जगण्याची घेतली होती, बनवण्याची नाही. काहींनी उत्पादनाची जनुकं असलेलं प्लास्मिडच, म्हणजे आम्ही आत घातलेलं डीएनएचं वेगळं कडं, टाकून दिलं होतं. ओझं कमी, वाढ जास्त. सर्वांत टिकाऊ स्ट्रेनचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून घेतला, तर पेशीतून नको ते बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या एका भागाचं जनुक, अ‍ॅक्रए, चक्क मोडलेलं. आम्ही तोच पंप वाढवायच्या खटपटीत होतो! आयसोब्युटेनॉल सोसण्यावरच्या २०१० च्या एका प्रसिद्ध कामातही याच जनुकाचं नाव होतं; आम्ही ते घाईत वाचलं होतं.

पहिला ग्राहक याच काळात गेला. त्याला उत्पादनाचा आकडा आम्ही आधीच सांगून बसलो होतो. चूक आमचीच.

नंतर प्रश्नच उलटा केला : पेशीने जास्त सोसावं कशाला, अल्कोहोल साचूच दिलं नाही तर? फर्मेंटरमधून, म्हणजे जिवाणू वाढवायच्या टाकीतून, वायू खेळवायचा, त्याच्यासोबत आयसोब्युटेनॉल बाहेर येतं, ते थंड करून गोळा करायचं. फेसाने पहिले काही महिने छळलं. नळ्या तुंबायच्या, रात्रीच्या पाळीवाला वैतागायचा. फेसनाशक जास्त घातलं की वायूची देवाणघेवाण बिघडायची. पण आयसोब्युटेनॉल पाण्यात साधारण ८ टक्केच विरघळतं, म्हणून गोळा झालेल्या द्रवावर एके दिवशी तेलासारखा वेगळा थर तरंगताना दिसला. तो फोटो अजून ऑफिसात आहे.

सहनशक्तीचं काम बंद केलेलं नाही. मात्र आता स्ट्रेन निवडताना प्रत्येक टप्प्यावर गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, उत्पादन मोजतो. जो नुसता जगतो तो बाद. पगार निघतात ते दुसऱ्यांच्या स्ट्रेनच्या चाचण्यांवर. अमुक टक्के सोसणारा स्ट्रेन आहे असं सांगत कोणी आलं, की आमचा पहिला प्रश्न ठरलेला : बाटलीला बूच कुठलं होतं?