नोटरीचे पंधरा डॉलर

पंधरा डॉलर ही काही मोठी रक्कम नाही. पण कंपनीकडून स्वतःचीच माहिती मागवताना ते मी भरायचे नाहीत असं नियमात स्पष्ट असताना त्यासाठी तीन आठवडे भांडावं लागलं, याचा राग अजून गेलेला नाही.

मी फ्रीमाँटला राहते. आईच्या पंचाहत्तरीचा अल्बम एका ऑनलाइन कंपनीकडून छापून घेतला होता. आई गेली, तरी दरवर्षी त्याच सुमाराला त्यांची मेल यायची, ‘या आठवणी पुन्हा छापा’, आणि वर आईचाच फोटो. शेवटी ठरवलं, यांच्याकडे आपलं काय काय आहे ते आधी मागवायचं, मग पुसायला लावायचं. कॅलिफोर्नियात २०२० पासून CCPA या ग्राहक-गोपनीयता कायद्याने हा हक्क आहे. अर्ज पाच मिनिटांत भरला, दहा कामकाजी दिवसांत पोचही आली.

घोडं अडलं ते ओळख पटवण्यावर. मी खातं न उघडता ऑर्डर दिली होती. खातं असेल तर लॉगिन करून बहुतेक वेळा काम भागतं. मला मात्र मेल आली: ड्रायव्हिंग लायसन्सचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र पाठवा. इथे नोटरी एका सहीचे १५ डॉलरपर्यंत घेऊ शकतो. पण मला जास्त खुपलं ते लायसन्स. माझा लायसन्स नंबर त्यांच्याकडे कधी नव्हताच, मग ते तो कशाशी ताडून बघणार? जी माहिती पुसायला सांगायची, तिच्यात उलट भरच!

फोन केला. पलीकडची बाई सभ्य होती, पण “आमची पॉलिसी आहे” याच्या पुढे जाईना. त्या रात्री मी या कायद्याचे नियमच काढून वाचले. कलम ७०६०: नोटरी मागायची तर खर्च कंपनीने भरून द्यायचा. कलम ७०६२: माहितीचे फक्त प्रकार (पत्ता, फोटो अशी नुसती यादी) हवे असतील तर कंपनीकडे आधीच असलेल्या दोन गोष्टी जुळल्या की साधारणपणे पुरे. प्रत्यक्ष माहिती हवी असेल तर तीन, आणि सोबत ‘खोटं असल्यास शिक्षेस पात्र’ असं स्वतः सही केलेलं निवेदन.

कलमांचे आकडे घालून मेल केली. ऑर्डर नंबर, जुना पत्ता, फोन नंबर दिला. सहा दिवस काही नाही. पुन्हा मेल, पुन्हा फोन. मग एक पानाचा फॉर्म आला, नोटरीशिवायचा. तुम्हीही कलमाचा आकडा लिहाच, त्याशिवाय मेल वरच्या माणसापर्यंत जात नाही.

कंपनीने उत्तर द्यायची मुदत ४५ दिवसांची, तुम्हाला कळवून ती ९० पर्यंत वाढवता येते. ओळख पटवण्यात गेलेले दिवस त्यातच धरतात, म्हणून अर्जाची तारीख लिहून ठेवा. आणि नुसतं ‘माझी माहिती विकू नका’ एवढंच सांगायचं असेल तर ही पडताळणी लागतच नाही. तिथे नको ती माहिती मागितली, हे मार्च २०२५ मध्ये होंडाला झालेल्या ६,३२,५०० डॉलर दंडाचं एक कारण होतं.

३८व्या दिवशी फाइल आली. माझा पत्ता, कोल्हापूरच्या बहिणीचा नंबर, आणि सगळे फोटो, अल्बममध्ये न घेतलेलेसुद्धा. एकात आई खाली बघून पदर सारखा करतेय. तेव्हा चेहरा नीट दिसत नाही म्हणून मी तो वगळला होता. तो आधी उतरवून घेतला, आणि मग पुसण्याचा अर्ज केला.