लांबच्या प्रवासानंतर मोटारसायकलची घरघर

इंदूरहून सेंधवा, धुळे, नाशिकमार्गे पुण्याला जाऊन परतल्यावर माझ्या मोटारसायकलमधून घरघर येऊ लागली, आणि एका मेकॅनिकने गाडीला हात न लावताच गिअरबॉक्स उघडण्याचा सल्ला दिला. मला तो घाईचा वाटला, कारण पहिली तपासणी कानांनीच करता येते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना येणारी घरघर क्लच दाबताच थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर जातो. पण क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली तरी आवाज चाकाच्या वेगाबरोबर कमी-जास्त होत असेल, तर आधी चेन पाहावी.

माझ्या गाडीत हा दुसरा, म्हणजे चेनचाच प्रकार निघाला. मेन स्टँडवर मागचे चाक हाताने सावकाश फिरवले, तेव्हा चेन एके ठिकाणी ताठ होत होती आणि पुढे लगेच सैल लोंबत होती. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे, दात एका बाजूला कलून टोकदार झाले होते. अशा वेळी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावीत, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेनही लवकर खराब होते. चेन किती सैल ठेवायची, हे मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवावे. फार ताणलेली चेन बेअरिंगवर भार टाकते.

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच ऑइल असते. घाटात तापून ते पातळ झाले की गिअर खडखडत पडतात, म्हणून मी जासो एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठीचे जपानी मानक) दर्जाचे ऑइलही त्याच वेळी बदलून घेतले.